पाडव्याची रांगोळी आणि दुकानाचा हिशेब

आपल्या व्यापारी घरांत वर्ष दोनदा सुरू होते. वहीपूजन दिवाळीत होते. महाराष्ट्रातील गिऱ्हाईक मात्र गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून येते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या या दिवशी दुकानातील माणसे सहलीला निघाली, तर माणगावच्या बाजारपेठेत भुवया उंचावणारच. तरीही तेथील एका भांड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे पाडव्याच्या पहाटे डोंबिवलीस निघाली, ती रस्त्यावरील रांगोळ्या पाहण्यासाठी. आजोबा गल्ल्यावर बसले.

नातीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा तिने चांगल्या श्रेणीत दिलेली. पुढे कलाशिक्षण घ्यावे अशी तिची इच्छा. आजोबांचा कल वाणिज्य शाखेकडे. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘‘सकाळी काढलेले संध्याकाळी पुसले जाते, त्यावर संसार कसा उभा राहायचा?’’ या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नव्हते. म्हणून सुनेने सुचवले, ‘‘बाबूजी, एकदा जाऊन पाहून तर येऊ.’’

वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता. वाटेत नवकारशी पारून डब्यातील खाकरा आणि चहा झाला, आणि मंडळी डोंबिवलीत पोचली. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा याच गावात गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने 1999 साली सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव अशी गावोगाव पसरली. ढोल-ताशे आणि चित्ररथ यांच्याइतकेच लक्ष वेधून घेतात त्या रस्त्यावरील भव्य रांगोळ्या.

नात गर्दीतून पुढे सरकली आणि एका रांगोळीच्या कडेला बसून राहिली. तिने पाहिले ते असे : आधी जमिनीवर सुतळी आणि खडू यांनी वर्तुळ आखतात. मग त्रिज्येइतकेच अंतर घेऊन परिघावर खुणा करीत गेले, की बरोबर सहा भाग पडतात. प्रथम रंगांचे थर पसरायचे आणि त्यांवर पाचही बोटे जुळवून पांढरी रांगोळी सोडायची. जाड-बारीक रेषेचे सारे नियंत्रण बोटांच्या फटींत. कमळ, शंख, गोपद्म, सर्परेषा ही चिन्हे त्याच हाताने उमटतात. चूक झाली तर खोडरबर नाही.

ही कला केवळ आपलीच नव्हे. इटलीत मांतुआ शहराजवळील ग्राझिए या गावी 1973 पासून दरवर्षी 15 ऑगस्टच्या सुमारास चर्चसमोरील फरसबंदीवर रंगीत खडूंनी चित्रे काढण्याचा मेळावा भरतो. कलावंत रात्रभर गुडघ्यांवर बसून काम करतात. पुढे पाऊस आणि पावले ती चित्रे घेऊन जातात. तेथे खडू, येथे शिरगोळ्याची पूड. कोकणात भाताची तुसे जाळून केलेली पांढरी राखही रांगोळीसाठी वापरीत. पिठाची रांगोळी मुंग्यांना बोलावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली जीव जातात. त्या दृष्टीने दगडाची पूड आपल्या घरांना अधिक मानवणारी.

सूर्यास्तापूर्वी चौविहार व्हावा म्हणून मंडळी दुपारीच परत फिरली. आजोबा दिवसाची विक्री मोजत होते. मुलाने एवढेच म्हटले, ‘‘आपण पाडव्याला दुकानावर तोरणे लावतो, तीही दुसऱ्या दिवशी उतरवतो. तो खर्च वाया गेला असे कधी म्हणालो का?’’ हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर रांगोळीची पूड हा त्या दिवशीचा खर्च आहे. पण ती सोडणाऱ्या हाताचे कसब दुसऱ्या दिवशीही शिल्लक राहते. ताळेबंदात त्यासाठी रकाना नसतो, इतकेच.

आजोबांचे मन वळले, असे मात्र लगेच झाले नाही. नातीने ओट्यावर सुतळी ताणून वर्तुळ आखले आणि त्याचे सहा भाग करून दाखवले. ‘‘दादासा, हे गणितच आहे.’’ आयुष्यभर परातींचे घेर मोजलेल्या माणसाने स्वतः सुतळी धरून ते तपासले. मग त्यांनी परंपरेतील एक गोष्ट आठवून सांगितली : भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित. दोघी एकाच घरच्या. शेवटी अष्टमंगलातील नऊ कोनांचा नंद्यावर्त काढता येतो का, असे त्यांनी विचारले. दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला.

प्रवेशाचा निर्णय निकालानंतर व्हायचा आहे. अर्ज दोन्ही शाखांचे आणायचे, असे ठरले. परंतु पाडव्यानंतर बाराव्या दिवशी, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणक येते. त्या दिवशी दुकानासमोरची जागा नंद्यावर्तासाठी मोकळी ठेवायची आणि गिऱ्हाइकांनी बाजूच्या पायरीने आत यायचे, हे आजोबांनी स्वतःच सांगून टाकले आहे.