साठ मिनिटांचा राजपुत्र

किनवट तालुक्यातील इस्लापूर या आमच्या गावी, मुख्य रस्त्यावरील एका किराणा दुकानाच्या माडीवर, गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत संगणकाचा एक क्लास निघाला, तेव्हा तेथे फी भरून आम्ही जी विद्या संपादन केली तिचा उल्लेख कोणत्याही प्रमाणपत्रात झाला नाही. यंत्रे तीन, त्यांतले एक कायमचे आजारी. आणि मास्तर चहासाठी जिना उतरले रे उतरले, की पडद्यावरच्या अंधाऱ्या तळघरातून पांढऱ्या वस्त्रांतला एक राजपुत्र धावू लागे. मध्येच लाईट गेली की राजपुत्र, शाहजादी आणि सबंध सल्तनत एका क्षणात लयास जाई, व उरे तो फक्त खालून येणारा गुळाचा आणि रॉकेलचा दर्प.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली रचलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तो हा खेळ. सुलतान परमुलखी मोहिमेवर गेलेला, मागे जाफर नामक वजिराने दरबार बळकावलेला, शाहजादीपुढे वाळूघडी ठेवून तासाभरात निकाह किंवा मृत्यू असे फर्मान सुटलेले आणि तिचा प्रियकर तळघरात कैद, एवढीच त्याची कथा. ज्या मुलखात १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाची अमदानी होती आणि ज्याच्या घरोघरच्या जुन्या कागदांवर उर्दू शिक्के अद्याप सापडतात, तेथील पोरांना वजीर म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची तसदी घ्यावी लागली नाही. समजून घ्यावे लागले ते बोटांना. शिफ्टची कळ दाबून बाणाची कळ दाबली तर राजपुत्र एकेक पाऊल जपून टाकतो आणि जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांमधूनही सुखरूप पार पडतो; तीच कळ ऐन उडीत दाबली तर समोरच्या भिंतीची कड त्याच्या हाती लागते; आणि क्षणाचा विलंब झाला तर तो खाली कोसळून निश्चेष्ट पडतो. त्या उंचीची भीती डोळ्यांना वाटत नसे. ती डाव्या हाताच्या करंगळीत राहात असे.

व्हिडिओ गेमचा चित्रपट करू पाहणाऱ्यांची खरी अडचण त्या करंगळीपाशी आहे असे मला वाटते. कथा तोकडी, पात्रे पुठ्ठ्याची, दिग्दर्शक अडाणी, अशी कारणे समीक्षक नेहमी देतात, आणि ती खोटी नाहीत. परंतु पडद्यावरचा नट कड्यावरून झेपावतो तेव्हा त्याला सावरण्याची जबाबदारी प्रेक्षकावर नसते, हा फरक उत्तमातल्या उत्तम पटकथेनेही भरून निघत नाही.

मौज अशी, की हा खेळ मुळात चित्रणातूनच जन्मलेला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला व उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली सिद्ध केल्या. तलवारबाजी त्याने घेतली ती १९३८ सालच्या 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड' या बोलपटातील द्वंद्वावरून. पुढे यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रे साठवायला जागा उरली नाही, म्हणून राजपुत्राचीच चित्रे किंचित फिरवून त्याने एक छायापुरुष निर्माण केला. आरशातून उडी मारताच ही छाया आपल्यातून सुटून विरुद्ध दिशेला पळते, वाटेत खोड्या काढते, आणि अखेरीस तलवार उपसून समोर ठाकते. तिच्यावर वार करावा तो आपल्यालाच लागतो. आम्ही कितीएक दिवस तेथे मेलो! मग एका दुपारी, चिडून की दमून कोण जाणे, आमच्यातल्या एकाने तलवार म्यान केली आणि राजपुत्राला सरळ छायेच्या अंगावर धाडले. दोघे एकरूप झाले. कीर्तनात अद्वैत पुष्कळ ऐकले होते, परंतु ते असे हातून घडलेले नव्हते. हाच प्रसंग चित्रपटात दाखवता येईल, बहुधा सुंदरही दाखवता येईल. मात्र तो कोणी दुसऱ्याने सोडवलेला असेल.

माइक न्यूएल यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' २०१० साली आला. मूळ चित्रपटकथा मेकनरचीच, खर्च अफाट, मोरोक्कोचे वाळवंट, आणि जगभरातून सुमारे ३३ कोटी डॉलरांचा गल्ला. तरीही तो लोकांच्या मनात घर करून राहिला असे म्हणवत नाही. त्यातील कपटी चुलत्याचे नाव निजाम, आणि ती भूमिका करणारे बेन किंग्जली हे जन्मनावाने कृष्णा भानजी. आमच्याकडे निजाम हे काही माणसाचे नाव नव्हे, ते सात पिढ्यांचे सरकार होते. त्यामुळे पडद्यावर 'निजाम' अशी हाक आली की घरातील म्हातारी माणसे वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाहू लागत, आणि हा आपला नव्हे अशी खात्री पटताच पुन्हा वाचू लागत.

प्रेक्षकाचा हात काढून घेतला गेल्याचा हा अनुभव मराठी मनाला नवा नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या जत्रेत खंडोबाचे दर्शन घेऊन तमाशाच्या कनातीत शिरलेला गडी नुसता पाहायला बसत नाही. तो दौलतजादा करतो, त्याचे नाव गावासह पुकारले जाते, चालती लावणी थांबते, वळण घेते, सोंगाड्या त्याच्यावर कोटी करतो, आणि घटकाभर तो माणूस त्या खेळातील पात्र होऊन बसतो. पुढे तमाशापटांचे युग आले, १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका'ने गर्दी खेचली. फेटे उडाले, रुपये उधळले गेले, पण ते पडद्याच्या आत. संगीत नाटकाचेही तेच. वन्स मोअर म्हणजे कथेचा ओघ अडवून हवा तो क्षण पुन्हा भोगण्याची प्रेक्षकाला असलेली मुभा. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त, शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली, आमच्या पैठणच्या एकनाथ महाराजांची भूमिका केली. परंतु कॅमेऱ्याला वन्स मोअर देता येत नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

खेळांवरून चित्रपट करणाऱ्या इतरांनी काय काय तजविजी केल्या ते थोडक्यात सांगतो. १९९३ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'वाल्यांनी, उड्या मारणाऱ्या नळदुरुस्तीवाल्याला कथा नाही म्हणून, डायनोसॉरच्या वंशजांची एक काळोखी नगरी त्याच्यामागे उभी केली; प्रमुख नट बॉब हॉस्किन्स यांनीसुद्धा पुढे आपली नाराजी लपवली नाही. (तोच मारिओ २०२३ मध्ये जिवंत नट वगळून, रेखाटलेल्या रूपात आला आणि त्याने शंभर कोटी डॉलरांच्या वर मिळवले.) 'डूम'ने २००५ मध्ये काही मिनिटे कॅमेराच नायकाच्या डोळ्यांच्या जागी ठेवून पाहिला, पण बंदूक आपल्या हाती आल्याचा भास काही टिकला नाही. सॉनिक नावाचा निळा साळू २०१९ च्या झलकीत माणसासारखे दात घेऊन आला, तेव्हा असा काही गहजब झाला की त्याला नव्याने घडवून २०२० च्या फेब्रुवारीत पडद्यावर आणावे लागले.

'वॉरक्राफ्ट'ची गोष्ट निराळी. आमच्या जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावर आली म्हणजे तिच्या इतक्या धारा होतात की कोणती मुख्य हे सांगता येऊ नये. तशा त्या खेळात माणसे वर्षानुवर्षे मनमुराद भटकत, आणि चित्रपटाला दोन तासांसाठी त्यातली एकच धार उचलावी लागली. २०१६ साली चीनमधील खेळाडूंनी चित्रपटगृहे भरली. ज्यांनी तो खेळ पाहिला नव्हता त्यांना कोण कोणाचा हे कळेपर्यंत दिवे लागले.

मला पटलेली वाट 'द लास्ट ऑफ अस'ची. तो चित्रपट नव्हे, २०२३ मधील मालिका आहे. पण माणसे खरी आहेत. मूळ खेळात फ्रँक नावाचा मनुष्य आपल्याला भेटतो तो प्रेत म्हणून, आणि त्याचे व बिलचे नाते कळते ते एका कडवट चिठ्ठीतून, कारण खेळणाऱ्याला पुढे जायचे असते. मालिकेने तिसऱ्या भागात नायकाला जवळजवळ बाजूला सारले आणि त्या दोघांच्या सुमारे सोळा वर्षांच्या संसाराला तासाभराहून अधिक वेळ दिला. खेळाला जेथे थांबता येत नव्हते, तेथे ती थांबली.

राजपुत्राच्या चित्रपटाला ही संधी होती. २००३ मधील ज्या खेळावर तो आधारलेला, त्यात काळ मागे फिरवणारी एक कट्यार आहे; चुकीची उडी घेतली की कट्यारीच्या जोरावर क्षण परत घ्यायचा, आणि मरणच आले तर कथा सांगणारा राजपुत्र स्वतःच म्हणतो की हे असे घडले नव्हते, व पुन्हा खेळू देतो. खेळाडूच्या नित्याच्या पुनर्जन्माला कथेत इतकी चपखल जागा क्वचितच मिळाली असेल. चित्रपटात ती कट्यार आहे. शेवटी तिच्यायोगे काळ इतका मागे जातो की चुलत्याचा कट, वाळवंटातील पायपीट, भावांचे मृत्यू, सारे पुसले जाते व नायक पहिल्या लढाईच्या सकाळी परत उभा राहतो.

हा चित्रपट मी इस्लापुरातच, सुटीवर आलेल्या भाच्यासोबत, टीव्हीवर हिंदीतून पाहिला. शेवट झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, मंग हे समदं झालंच न्हाई म्हना की!"

मी होय म्हणालो. त्याने मोबाइल काढला, आणि सकाळपासून ज्या पुलावर तो मरत होता त्या पुलावर पुन्हा गेला.