एकूण वजन बरोबर, तरी ट्रेलर जड कसा?

शारजातून एमिरेट्स रोडने जाताना, सजा औद्योगिक वसाहतीच्या आसपास, उजव्या लेनमधून रांगेने जाणारे ट्रेलर तुम्ही पाहिलेच असतील. कुणी सळ्या, कुणी सिमेंट, कुणी कंटेनर घेऊन निघालेला. अमिरातीच्या २०२३ च्या संघीय कायद्याने अवजड वाहनाचे एकूण वजन जास्तीत जास्त ६५ टन ठरवले आणि २०२४ पासून तो लागू झाला. आता समजा, एक ट्रेलर वजनकाट्यावर चढला आणि एकूण वजन मर्यादेत भरले. मग काम झाले का? नाही. रस्त्याला एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो तो फक्त एकेका अ‍ॅक्सलचा भार.

हा भार कसा वाटला जातो, ते शाळेतल्या तरफेच्या गणिताने समजते. ट्रेलरचा पुढचा भाग किंगपिनने ओढणाऱ्या गाडीवर टेकतो, मागचा स्वतःच्या चाकांवर. या दोन टेकूंत ८ मीटर अंतर धरा. माल २४ टन आणि त्याचा गुरुत्वमध्य किंगपिनच्या मागे ५ मीटरवर. मागच्या चाकांवर येतील २४ × ५ ÷ ८, म्हणजे १५ टन. उरलेले ९ टन किंगपिनवर. तोच माल १ मीटर पुढे सरकवा. आता दोन्हीकडे १२-१२ टन! एका मीटरने ३ टन इकडचे तिकडे झाले.

किंगपिनवरचा भार पुन्हा वाटला जातो. समजा, त्याचा सहावा हिस्सा स्टिअरिंगच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि बाकीचा इंजिनाची ताकद घेणाऱ्या मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. या मागच्या अ‍ॅक्सलवर गाडीचे स्वतःचे २.५ टन धरले, तर पहिल्या मांडणीत तिथे १० टन येतात, दुसऱ्या मांडणीत १२.५ टन. भारतात २०१८ पासून चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलला ११.५ टनांची मर्यादा आहे. म्हणजे तीच गाडी, तोच माल. एक मांडणी नियमात, दुसरी नियमाबाहेर.

१० चे १२.५ झाले, म्हणजे भार फक्त सव्वापट. रस्त्याचे नुकसान मात्र सव्वापट होत नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक चालवून मोजमाप झाले. त्यातून दिसले, की रस्त्याची झीज साधारणपणे अ‍ॅक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. सव्वाचा चौथा घात जवळपास अडीच! त्यात आखातातला उन्हाळा. तापलेले डांबर मऊ पडते आणि त्यात चाकोऱ्या उमटतात. जास्त दबलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, आतून तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. तो फुटतो तेव्हा शेजारच्या लेनमध्ये तुमचीच गाडी असू शकते.

आणखी एक गंमत पाहा. मागच्या दारातून ३ टन माल उतरवला, तर सगळेच अ‍ॅक्सल हलके होतील असे वाटते ना? पण तो माल ट्रेलरच्या चाकांच्याही मागे २ मीटरवर असेल, तर तो सी-सॉसारखा किंगपिनला वर उचलून धरत होता. तो गेल्यावर किंगपिनवरचा भार पाऊण टनाने वाढतो. म्हणूनच अर्धा माल वाटेत उतरवायचा असेल, तर उरलेल्या मालाचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो.

आपल्याकडच्या बैलगाडीवाल्याला हे सूत्राशिवाय ठाऊक होते. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. फार पुढे आले की बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरमध्ये बैलांच्या जागी ओढणारी गाडी असते, एवढाच फरक.

हे तुमच्याही कामाचे आहे. घर बदलताना कारमागे छोटा ट्रेलर जोडलात, तर कपाट-फ्रिजसारखे जड सामान चाकांच्या किंचित पुढे ठेवा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार कारच्या हुकवर यावा, असा अमेरिकेत प्रचलित नियम आहे. त्याहून कमी आला, तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. तेव्हा किती भरले हे मोजाच, पण कुठे भरले तेही मोजा.