टवाळीचे भांडवल

बाजारपेठेत नवे दुकान निघाले की पहिल्या आठवड्यात दोन प्रकारची माणसे तिथे डोकावतात. काही घ्यायला येतात, तर काही नावे ठेवायला. दुकानदार पहिल्यांना या-बसा म्हणतो आणि दुसऱ्यांकडे पाठ फिरवतो. निंदकाला शेजारी जागा द्यावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आपल्याला लहानपणापासून पाठ असतो. तो अमलात आणणारा दुकानदार मात्र मी क्वचितच पाहिला आहे. आता तर निंदक न बोलावताच शेजारी राहायला आला आहे. घरबसल्या डबे पोचवणारी गृहिणी असो की मोठा कारखाना, कुणीही मोबाइलवर एक तारा देतो, खाली चार शब्द खरडतो, आणि ते साऱ्या जगाला दिसतात.

या निंदेचा धंद्याला काही उपयोग होतो का? होतो, असे माझे मत आहे. पण त्याला एक अट आहे. ती अट समजून घेण्यासाठी एका मोटार कंपनीची गोष्ट पाहण्यासारखी आहे.

आजच्या चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लाव नावाचे गाव आहे. तिथे व्हाक्लाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता राहत होता. 1894 मध्ये त्याची सायकल बिघडली. ती एका जर्मन कंपनीची होती. त्याने कंपनीच्या कचेरीला आपल्या चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आले ते असे, की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा, मग बघू. क्लेमेंटने पुन्हा पत्र लिहिण्यात वेळ घालवला नाही. व्हाक्लाव लॉरिन या कारागिराला सोबत घेऊन 1895 मध्ये त्याने स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली. पुढे मोटारसायकली आल्या, 1905 मध्ये मोटार आली, आणि 1925 मध्ये ही कंपनी पिल्झनच्या श्कोडा कारखान्यात सामील झाली. आपण जिला स्कोडा म्हणतो, तिचे मूळ असे एका झिडकारलेल्या तक्रारीत आहे.

पण काळ कसा उलटतो पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारी झाला. पश्चिमेत मोटारींचे तंत्र झपाट्याने पुढे गेले, आणि स्कोडा मात्र मागे इंजिन असलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्या 1980 च्या दशकातही बनवत राहिली. या स्वस्त गाड्या ब्रिटनमध्ये विकल्या जात, आणि तिथे त्यांची जी टिंगल झाली तिला तोड नव्हती. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी पेट्रोलने भरा. मागची काच गरम करायची सोय कशासाठी? गाडी ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. शाळकरी मुलांपासून दारूच्या गुत्त्यापर्यंत हे विनोद चालत. आजच्या भाषेत सांगायचे तर सबंध देशच या गाडीला ट्रोल करत होता.

1991 मध्ये जर्मनीची फोक्सवॅगन कंपनी स्कोडात भागीदार झाली. कारखाना सुधारला, गाड्या बदलल्या. 1998 मध्ये ऑक्टाव्हिया ब्रिटनमध्ये आली. गाडी उत्तम होती, पण नावाची पट्टी पाहिली की लोक गालात हसून पुढे जात. माल सुधारला तरी टवाळी सुधारत नाही, ही अडचण इथे ध्यानात घ्यावी.

मग 2000 मध्ये फाबिया ही छोटी गाडी बाजारात आणताना कंपनीने वेगळाच मार्ग धरला. जाहिरातीत गाडीचे गुण सांगितलेच नाहीत. वाहनतळावरचा एक रखवालदार गाडीच्या मालकाला कानकोंडा होऊन सांगतो, की साहेब, कुणीतरी खोडसाळ पोराने तुमच्या गाडीवर स्कोडाचा बिल्ला चिकटवला आहे. शेवटी एवढेच शब्द, की ही स्कोडाच आहे, अगदी खरेच! हसू गाडीवरून सरकून गाडीला हसणाऱ्याच्या जुनाट समजुतीवर गेले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ‘व्हॉट कार?’ या मासिकाने फाबियाला वर्षातली सर्वोत्कृष्ट गाडी ठरवले होते, म्हणजे विनोदाच्या पाठीशी माल उभा होता. पुढच्या वर्षांत तिथली विक्री वाढली आणि विनोद हळूहळू विरले. 2001 मध्ये हीच कंपनी आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला आली, तेव्हा मराठवाड्यात ऑक्टाव्हियाकडे मानाची गाडी म्हणून पाहिले गेले. हिच्यावर कुणी विनोद केले असतील, हे आपल्याला सांगूनही पटले नसते.

आता अट कोणती ते सांगतो. आधी दुरुस्ती, मग विनोद. हीच जाहिरात 1985 मध्ये केली असती तर तो कबुलीजबाब ठरला असता.

अमेरिकेतल्या डॉमिनोजनेही हाच क्रम पाळला. त्यांच्या पिझ्झाचा तळ पुठ्ठ्यासारखा लागतो आणि वरचा रस्सा टोमॅटो सॉससारखा, असे गिऱ्हाइके तोंडावर सांगत आणि इंटरनेटवर लिहीत. कंपनीने तळ, सॉस, चीज सगळेच नव्याने बसवले. 2009 च्या अखेरीस जाहिरात सुरू केली, तीत तेच बोचरे शेरे आपल्याच तोंडाने सांगितले, आणि सर्वांत जहाल टीकाकारांच्या दारात नवा पिझ्झा नेऊन दिला. 2010 च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 14.3 टक्क्यांनी वाढली. शेरे लपवले असते तर नवी चव घ्यायला कोण कशाला आले असते?

ही झाली मोठ्यांची गोष्ट. छोट्यांचे काय? माझी एक मामेबहीण दिवाळीचा फराळ करून विकते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोबाइलवर अकरा वाईट शेरे आले. ‘चकली खायची की फोडायची?’ असा एक होता. ती दोन दिवस जेवली नाही. यजमान म्हणाले, बंद कर हे, कशाला लोकांचे ऐकून घ्यायचे? मी तिला वही घ्यायला सांगितले आणि आम्ही दोघांनी ते अकरा शेरे निवडायला घेतले, तांदूळ निवडावेत तसे.

चौघांनी चकली कडक असल्याचे लिहिले होते, आणि ती चारही पाकिटे शेवटच्या तीन दिवसांतली निघाली. तेव्हा मागणी वाढली म्हणून ती सकाळीच दहा किलो पीठ मळून ठेवत होती. दुपारपर्यंत ते कोरडे पडे. मोहनही मापाऐवजी अंदाजाने घातलेले. म्हणजे तक्रार खरी होती, आणि फुकटात दोष दाखवणारे चार तपासनीस तिला मिळाले होते.

तिघांची तक्रार होती, की चकली फार तिखट, मुलांना चालत नाही. हा दोष नव्हे, ही आवड. अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फावरून घसरण्याच्या ठिकाणाने 2017-18 च्या हिवाळ्यात असाच शेरा थेट जाहिरातीत छापला. इथले उतार फारच अवघड आहेत, म्हणून कुणी एक तारा दिला होता. कसलेल्या खेळाडूंना तेच आमंत्रण वाटले. बहिणीने पाकिटावर छापून घेतले : ‘तिखट आहे. मुलांसाठी साधी वेगळी मागा.’

दोघांचे म्हणणे महाग आहे असे. त्यांना तिने डाळी, लोणी आणि तेलाचा हिशेब नीट लिहून कळवला. उरलेल्या दोघांनी कधी काही मागवलेच नव्हते. नुसती घाण लिहिली होती. इंग्रजीत ट्रोलिंग या शब्दाचा एक अर्थ मासेमारीतला आहे. होडी चालू ठेवून गळ मागे ओढत न्यायचा आणि कोण लागतो ते पाहायचे. गळाला उत्तर द्यायचे नसते. शिवीगाळ असेल तर ती काढून टाकण्याची मागणी करावी, धमकी असेल तर पोलिसांत जावे. बाईमाणसाने एकटीने सोसत बसावे आणि त्यातून धंदाही काढावा, असे मी कुणालाच सांगणार नाही. काही निंदा नुसती निंदाच असते.

पुढच्या दिवाळीला बहिणीने पत्रकावर पहिलीच ओळ छापली : ‘गेल्या वर्षी आमची चकली कडक झाली होती. यंदा पीठ थोडे थोडे मळतो.’ यजमानांना ती पसंत नव्हती. कडक म्हणणाऱ्या चौघांकडे पावशेराचे पाकीट न मागता गेले. त्यातल्या तिघांनी पुन्हा मागणी नोंदवली. चौथ्याचे उत्तर आले नाही.

तो चौथाही मला महत्त्वाचा वाटतो. सगळे निंदक मित्र होतात अशी आशा धरून हे करू नये. पण तक्रार लिहिणाऱ्याने आपल्यासाठी थोडा वेळ खर्च केलेला असतो, आणि पुष्कळ गिऱ्हाइके तेवढेही करत नाहीत. काही न बोलता दुसऱ्या दुकानात जातात. त्या जर्मन सायकलवाल्यांच्या कचेरीत क्लेमेंटचे पत्र कुणीतरी वाचले होतेच. त्यात सायकल कुठे मोडली ते लिहिलेले होते. त्यांनी फक्त ते कोणत्या भाषेत आहे तेवढे पाहिले.