हादरा कोण सोसतो?
(मोटारीच्या शॉकॲब्सॉर्बरविषयी थोडेसे)

बी. ए. भाग २

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या पोटाखालचा विषय पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना एवढीच विनंती, की एखाद्या बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दाराकडे एकदा निरखून पाहावे. ते दार आपोआप मिटते, पण आपटत नाही. वरच्या बाजूस बसवलेल्या छोट्या पेटीत एक स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते. स्प्रिंग दाराला ओढते, आणि बारीक छिद्रातून सावकाश सरकणारे तेल त्या ओढीला आवरते. तेल गळून गेले की तेच दार धाडकन आदळू लागते. मोटारीच्या चाकापाशी याहून निराळे काही घडत नाही.

‘शॉकॲब्सॉर्बर’ या नावाचा अर्थ हादरा शोषून घेणारा. गॅरेजमध्ये त्याचा ‘शॉकअप’ झाला आहे. पण दोन्ही नावे फसवी आहेत. हादरा सोसते ती स्प्रिंग. गाडीचे वजनही तीच पेलते. मात्र दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाही. ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हा झोका थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. शास्त्राच्या पुस्तकात याला अवमंदन म्हणतात. आपल्याकडच्या बैलगाडीला स्प्रिंगच नसते, त्यामुळे चाकाला बसलेला हादरा गाडीच्या कण्यातून थेट माणसाच्या कण्यात जातो. ट्रकच्या पाट्यांचे तसे नाही; पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात बराचसा झोका मरतो. गुंडाळीच्या स्प्रिंगला घासायला काही नाही, म्हणून तिला शॉकअपवाचून गत्यंतर नाही.

आतील रचना पिचकारीसारखी असते. एका बंद नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. चाक वरखाली झाले की दट्ट्या सरकतो, आणि तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. या झटापटीत झोक्यातील शक्तीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळे. काही शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन वायूही भरतात, म्हणजे तेलाला फेस येत नाही.

उचगावातून महामार्गाला लागणाऱ्याला हे ज्ञान उपयोगी पडते. पावसाळ्यातले खड्डे, वर्षभराचे गतिरोधक आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. मरतुकड्या शॉकअपवर धावणारी गाडी नुसती पोटातले पाणी हलवते असे नाही. तिचे चाक खड्ड्यानंतर क्षणभर रस्ता सोडते, आणि अधांतरी चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. ट्रॉली अचानक थांबली तर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. सुखाची बाब म्हणून याकडे पाहणारे लोक मला पटत नाहीत. ही ब्रेकइतकीच गरजेची गोष्ट आहे.

आमच्या घरी २००८ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती जुनीच घेतली. चारी शॉकअप बदलण्याचा जो आकडा एका गॅरेजने सांगितला, त्यात आणि माझ्या वर्षाच्या फीमध्ये फारसा फरक नव्हता. तेव्हा मामा आणि मी मिळून हे काम अंगणात करायचे ठरले. मामांनी उमेदीची वर्षे गॅरेजात काढली आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील काहीही वाचण्याचे काम माझ्याकडे येते. गाडीचे पुस्तकही त्यातून सुटले नाही.

शॉकअप गेला हे ओळखावे कसे? गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा डुलली तर समजावे. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली माती ही दुसरी खूण. टायर जागोजागी खोलगट झिजणे ही तिसरी. ब्रेक लावताच गाडीने नाक खाली घालणे ही चौथी. मामा म्हणाले, “शॉकअप एका दिवसात मरत न्हाई. रोज थोडा थोडा मरतोय, म्हणून चालवणाऱ्याला कळत न्हाई.” तेल भरून दुरुस्त केलेले जुने शॉकअप स्वस्तात मिळतात, पण आतील झिजलेला दट्ट्या आणि झडपा नव्या तेलाने नव्या होत नाहीत. नवेच घ्यावेत, आणि एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत.

आता मुख्य मुद्दा. मारुती ८०० भारतात १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या चाकांना स्ट्रट आहेत. ही रचना मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. ब्रिटनमधील फोर्ड कंपनीने १९५० च्या सुमारास ती कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत वापरली, आणि पुढे लहान गाड्यांत ती जगभर रूढ झाली. स्ट्रटमध्ये शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र गुंफलेले असतात. मागे तसे नाही. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणजे मागचा शॉकअप काढताना स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. स्ट्रटमधला बदलताना मात्र तिच्याशी गाठ पडते. घरी काय करावे आणि काय करू नये, ते यावरूनच ठरते.

मागचे काम अंगणात खुशाल करावे. जागा सपाट आणि कठीण हवी. “आधी उटी, मग जॅक,” हा मामांचा दंडक. पुढच्या दोन्ही चाकांना उटी लावावी, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून बॉडीखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. विटांच्या थरावर तर मुळीच नाही, वीट न सांगता फुटते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. पुस्तकातील आकृतीत दिसत नाही अशी एक गोष्ट इथे कळते. शॉकअप सोडला की आस खाली लोंबतो, ब्रेकचा रबरी पाईप ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. म्हणून आसाखाली दुसरा जॅक टेकवून ठेवायचा आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबावा-ओढावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. त्याच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावू नये. ओरखडा पडला की तेलाचे सील फाटते. रबरी बुश असलेले बोल्ट आधी बेताचे आवळून, गाडी चाकांवर उतरल्यावर शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळले तर बुशला कायमचा पीळ बसतो.

पुढचा स्ट्रट घरी निघतो. खाली चाकाच्या नकलला दोन मोठे बोल्ट असतात, ते जसे होते तशी खडूने खूण करून ठेवावी. ब्रेकचा पाईप अडकवलेला असेल तर सोडवावा. मग बॉनेटखालचे बाहेरच्या कडेचे नट सोडून अख्खा स्ट्रट खाली घ्यावा. मधला मोठा नट मात्र सोडायचा नाही! दाबून धरलेली स्प्रिंग त्याच नटावर थांबलेली असते. तो सुटला तर ती गोळीसारखी सुटते, आणि समोर तोंड असले तर तोंडावर बसते. स्प्रिंग दाबण्याचे खास शिकंजे मिळतात; तार, साखळी किंवा दोरखंड हे त्याला पर्याय नव्हेत. आमच्याकडे तो शिकंजा नव्हता. म्हणून आम्ही दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून शिवाजी उद्यमनगरात नेले आणि तेथील एका कारागिराकडून आतला भाग, वरचे रबरी माउंट आणि बंपस्टॉप बदलून आणले. त्याला अर्धा तास लागला. मजुरीचा मोठा भाग तरीही वाचला, कारण काढणे आणि बसवणे घरचेच होते.

बसवून झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते. खडूची खूण गाडी दुकानापर्यंत नेण्यापुरती. शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत. जुने शॉकअप भंगारात देताना वायूचे असतील तर तसे सांगावे. ते विस्तवात टाकू नयेत, कापूही नयेत. आमचे चारही अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे आहेत. त्यांतला एक हाताने दाबला तर खाली जातो आणि तिथेच राहतो.