शिडाची होडी : पैसा घालण्यापूर्वी काय पाहाल?

हसनाबादपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील एका लाकडाच्या व्यापाऱ्यापुढे यंदा होडीचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या भाच्याची सासुरवाडी मुरूडकडची. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्यात पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या एका होडीत निम्मा हिस्सा मिळत होता. रक्कम थोडी नव्हती. दुकानातला माल कमी करून ती उभी करावी लागणार होती. होडी चांगली की वाईट हे हसनाबादेत कोण सांगणार? शेवटी ते, आम्ही आणि बैलगाड्या बनविण्यात उमर गेलेले एक मिस्त्रीचाचा असे तिघे फेब्रुवारीत राजपुरीला गेलो. तिथे जे पाहिले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटते. (जंजिऱ्याशी आपला संबंध तसा जुना. तेथील सिद्दी मुळात अहमदनगरच्या निजामशाहीचे. पुढे त्यांचे संस्थान झाले आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले.)

पहिली गोष्ट शिडाची. या होडीची डोलकाठी सरळ उभी नसते, नाळेकडे म्हणजे पुढे झुकलेली असते. तिच्यावर परबाण नावाचा लांब वासा तिरका टांगतात आणि त्याला तिकोनी शीड बांधतात. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर ही रीत शेकडो वर्षे चालत आली आहे. वारा बगलेतून किंवा मागून आला की हे शीड झकास ओढते. आम्ही बसलो तेव्हा तांडेल म्हणाला, “चाचा, वारा बाजूने असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. समोरून आला की माणसं पाहिजेत.”

त्याच्या या बोलण्यात सगळा हिशेब आहे. कोणतीही शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. नागमोडी जावे लागते. आजकालच्या शर्यतीच्या होड्या वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरतात, म्हणजे सरळ १ किलोमीटरसाठी १.४ किलोमीटर पाणी कापावे लागते. तिरक्या परबाणाची भरलेली होडी ६० अंशांवर गेली तर तेच अंतर २ किलोमीटर होते. शिवाय प्रत्येक वळणावर ते जड परबाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. त्याला दोन-तीन खलाशी गुंततात, आणि त्यांची मजुरी दोन्ही भागीदारांच्या हिश्श्यातून जाते. कोकणात उघाडीच्या दिवसांत दुपारी वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि किल्ला राजपुरीच्या पश्चिमेला आहे. म्हणून होडीची परीक्षा दुपारी, जाण्याच्या फेरीत घ्यावी. परतीच्या फेरीत सगळ्याच होड्या चांगल्या वाटतात.

वेगाबद्दल मोठमोठ्या गोष्टी ऐकू येतात. त्यासाठी एक सोपे गणित आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणावे. २५ फुटांच्या होडीला ६.७ नॉट येतात, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. भरलेल्या जड होडीची धाव त्यापलीकडे फारशी जात नाही, शीड कितीही मोठे लावा. हलक्या होड्यांची गोष्ट वेगळी. ब्रूस कर्बी यांनी आखलेली लेझर ही शर्यतीची होडी ४.२३ मीटर लांब असून तिचे अंग अवघे ५९ किलोचे, शीड ७ चौरस मीटरचे. ती पाण्यावर उचलली जाऊन घसरते. पण तीत माणूस एकच बसतो, आणि तोही भिजतो! धंद्याला तिचा उपयोग नाही.

चालत्या होडीत दोन गोष्टी आम्ही तांडेलाला करून दाखवायला सांगितल्या. सुकाणू क्षणभर सैल सोडले तर नाळ वाऱ्याकडे वळली पाहिजे. तशी वळली तर शीड फडफडते आणि होडी आपोआप मंदावते. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर सोसाट्यात धोका आहे. दुसरे, मागे उमटणारी पाण्याची रेघ. ती होडीच्या अंगाच्या रेषेत राहिली तर ठीक. तिरकी दिसली तर होडी बाजूला वाहते आहे. जुन्या मचव्यांचे पठाण, म्हणजे तळाचा मुख्य लाकडी कणा, मधोमध वर उचललेले आणि नाळेकडे खोल असे. त्याने पाणी धरले जाई. आमच्या होडीची रेघ बऱ्यापैकी तिरकी होती. तांडेलाने ते नाकारले नाही.

आता लाकूड. इथे मिस्त्रीचाचांनी ताबा घेतला. आतले वाकडे आडे ज्या लाकडाचे, ते झाडावरच वाकलेले आहे की सरळ लाकूड कापून वाकडे केले आहे, हे त्यांनी रेषांवरून पाहिले. कापलेल्या आड्यात रेषा तुटते आणि ते तिथेच फुटते. बाभळीच्या जूवर आणि चाकावर हात बसलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. फळ्यांच्या फटींत राळ व तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकलेली असते. आपल्या जालन्याच्या कापसाचे हे काम पाहून चाचांना मौज वाटली. खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले असेल तर लोखंड गंजून फळी खात आहे असे समजावे. तळाशी साचलेले पाणी वास मारत होते. होडी कलली की ते पाणीही त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते, म्हणून ते उपसलेले असणे ही माणसे बसवण्याआधीची गोष्ट आहे. कागदही पाहावेत. परवान्यावर जितके प्रवासी लिहिले आहेत तितक्यांवरच उत्पन्नाचा हिशेब मांडावा, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर दिसणाऱ्या गर्दीवर नव्हे. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात, ते महिने वजा करावेत.

मात्र सर्वांत महत्त्वाचा भाग पाण्याखाली होता. खारे पाणी लाकडात एक किडा सोडते. तो बाहेरून सुईएवढे छिद्र पाडतो आणि आत बोटभर पोकळी करतो. वरून रंग लावलेला असला की काही कळत नाही. टोच्या घेऊन फळी फळी तपासावी लागते आणि त्यासाठी होडी कोरड्यावर हवी.

आमच्या व्यापारी मित्रांनी बयाणा दिला नाही. नकारही दिला नाही. पावसाळ्याआधी होडी वर ओढली जाईल तेव्हा मिस्त्रीचाचा पुन्हा राजपुरीला जाणार, तळ तपासणार, आणि नव्याने वात ठोकण्याचा खर्च जुन्या मालकाने सोसायचा, एवढे बोलणे झाले आहे. चाचांनी टोच्याला नवी मूठ आताच बसवून ठेवली आहे.