ट्रिकी सॅमचा ट्रॉम्बोन

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची ‘को-को’ ही रचना ६ मार्च १९४० रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित झाली. तबकडी तीन मिनिटांचीही नाही. हुआन तिझोल व्हॉल्व्हच्या ट्रॉम्बोनवर सुरुवात करतो, सॅक्सोफोन त्याला उत्तर देतात आणि मग ब्लूजची दोन आवर्तने दुसराच एक ट्रॉम्बोन घेतो. कोणीतरी दात आवळून ‘या... या...’ असे ओरडते आहे आणि दर खेपेस त्याचा संताप वाढतो आहे, असे ते ऐकू येते. हा वादक म्हणजे जो नॅन्टन. बॅण्डमधले त्याला ‘ट्रिकी सॅम’ म्हणत.

स्विंगच्या काळात लोकांच्या तोंडी असलेले ट्रॉम्बोनवादक बहुतेक बॅण्डचे मालक होते: टॉमी डॉर्सी, ग्लेन मिलर, पुढे जॅक टीगार्डनही. नॅन्टन १९२६ मध्ये एलिंग्टनकडे आला आणि १९४६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. बॅण्डच्या बाहेर त्याने फारसे वाजवलेच नाही. तरी त्या काळच्या साथीदारांमध्ये मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो, कारण एलिंग्टनच्या रचनांमधून त्याला बाजूला काढता येत नाही.

तो न्यूयॉर्कचा, आईवडील वेस्ट इंडीजमधले. तो आला तेव्हा ट्रम्पेटवादक बबर मायली बॅण्डमध्ये होता. शिकागोत किंग ऑलिव्हरला ऐकून मायलीने गुरगुरता सूर आत्मसात केला होता. नॅन्टनने तो ट्रॉम्बोनवर आणला आणि बराच पुढे नेला.

त्याची सामग्री साधी होती. मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप, दांडा काढून टाकलेला. तो वाद्याच्या तोंडावर दाबला की सूर ‘ऊ’कडे झुकतो, दूर केला की ‘आ’कडे उघडतो. त्याशिवाय नॅन्टन ट्रम्पेटसाठी असलेला छोटा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, ट्रॉम्बोनच्या तोंडात आत बसवायचा. त्यामुळे सुरातला भरदारपणा जाऊन तो पातळ, नाकातला होई. फुंकतानाच घशातून गुरगुरायचे आणि तोंडाच्या आत जीभ हलवून स्वर बदलायचा. जिभेने ‘ई’ आणि पंपाने ‘आ’ केला की त्या दोहोंच्या सांध्यावर ‘या’ उमटतो. हे सगळे चालू असताना उजवा हात नळीवर, आणि वाद्य पेलायला व पंप हलवायला मिळून डावा एकच. चांगल्या वादकांचीही इथे दमछाक होते.

‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’त, १९२७ साली, त्याने घोड्याचे खिंकाळणे काढले. हा बॅण्ड वाजवायचा त्या कॉटन क्लबमध्ये हार्लेमचे हे संगीत ऐकायला गोरे श्रीमंत प्रेक्षक येत, आणि अशा आवाजांकडे ‘जंगलचे संगीत’ म्हणून कौतुकाने पाहत. मला त्या दृष्टीची चीड येते. त्या आवाजात विनोद आहे, विलाप आहे, आणि ‘को-को’त तर उघड राग आहे. वाचनाची आवड असलेल्या, मार्कस गार्व्हीच्या कृष्णवर्णीय स्वाभिमानाच्या चळवळीबद्दल आस्था असलेल्या या माणसाला आपण काय वाजवतो ते पुरते ठाऊक होते.

तिघा ट्रॉम्बोनवादकांची एलिंग्टनकडची फळी विलक्षण होती. तिझोल काटेकोर, १९३२ मध्ये आलेला लॉरेन्स ब्राऊन मुलायम आणि लयदार, आणि नॅन्टन बोलणारा. एलिंग्टन सुटे भाग लिहिताना ‘दुसरा ट्रॉम्बोन’ असे न लिहिता वादकाचे नाव घालायचा. नॅन्टनसाठी लिहिलेली ओळ दुसऱ्याला दिली तर स्वर तेच राहतील, रचना मात्र बदलेल. ‘को-को’तच पाहा: मागचे ब्रास तुटक ठोके देत राहतात आणि त्या चौकटीत त्याच्याकडे मोजकेच स्वर आहेत. स्वरसंख्या कमी ठेवून सगळा भार ध्वनीवर टाकणे एलिंग्टनला परवडले, ते हा माणूस समोर बसला होता म्हणून.

७ नोव्हेंबर १९४० रोजी नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी एलिंग्टनच्या बॅण्डच्या नाचाच्या कार्यक्रमात दोन हौशी तरुणांनी सबंध रात्र तबकड्यांवर उतरवून घेतली. तीही ऐकावी, कारण स्टुडिओबाहेर, नाचणाऱ्यांसमोर हा बॅण्ड कसा वाजे ते तिथे कळते.

१९४६ च्या जुलैत दौऱ्यावर असताना सॅन फ्रान्सिस्कोत नॅन्टन वारला. वय ४२. एलिंग्टनने ती जागा कधी रिकामी ठेवली नाही: टायरी ग्लेन आला, मग क्वेंटिन जॅक्सन, पुढे बूटी वुड. १९६३ मध्ये हा ऑर्केस्ट्रा मुंबईत वाजला तेव्हा लॉरेन्स ब्राऊन त्यात होता. तोवर, नॅन्टनशेजारी वर्षानुवर्षे मुलायम वाजवलेल्या त्याच ब्राऊनच्या हाती एलिंग्टनने पंप दिला होता.