डोंगरावरचे माहूर

मुखेडहून माहूरला निघालेला प्रवासी नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागातून थेट उत्तरेच्या टोकाला जातो. आरंभी रस्त्याच्या दोहों बाजूंस ज्वारीची व कापसाची काळी शेते दिसतात. नांदेड व भोकर मागे पडले, की जमीन उंचसखल होऊ लागते आणि किनवटच्या पुढे सागाचे जंगल सुरू होते. शेवटी घाटाची वळणे चढून गाडी माहूरच्या डोंगरात शिरते. किनवट-माहूरचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठी बोलणारा हा भाग नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला.

माहूरचे जुने नाव मातापूर. ही माता म्हणजे रेणुका, परशुरामाची आई. महाराष्ट्रातील देवीच्या साडेतीन पीठांमध्ये कोल्हापूर, तुळजापूर व वणीची सप्तशृंगी यांच्या जोडीने माहूरची गणना होते. येथे तीन शिखरे आहेत. एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय आणि तिसऱ्यावर त्यांची माता अनसूया. दत्तात्रेय काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. महानुभाव पंथाचे लोकही या गावाला आपले पवित्र स्थान मानतात. एका लहानशा गावाकडे इतक्या वाटांनी माणसे यावीत, ही गोष्ट सहसा आढळत नाही.

यात्रेकरू बहुधा देवीचे दर्शन घेऊन त्याच दिवशी परत फिरतात. समोरच्या डोंगरावरचा किल्ला त्यांना दिसतो, पण तिकडे पाऊल वळत नाही. माहूर हे एके काळी केवढे नांदते ठिकाण होते, हे मात्र त्या किल्ल्यातच कळते.

दोन लगतच्या डोंगरांवर हा किल्ला पसरला आहे आणि पैनगंगा नदीने त्याला तीन बाजूंनी वेढले आहे. खंदक खणावयास शेकडो मजूर लागतात. येथे ते काम नदीनेच करून ठेवले. शत्रूने नदी ओलांडली, तरी पुढे उभा चढ आणि त्यावर तट. पण या सोयीत एक मोठी अडचण दडलेली होती. वेढा पडला, की खालची नदी नुसती पाहावयाची! तिचे पाणी वर आणणार कोण? घागरी घेऊन उतरणारी माणसे शत्रूच्या हाती सापडत. म्हणून डोंगरी किल्ल्याचे खरे बळ तोफांपेक्षा पाण्यात असते. किल्ला बांधणाऱ्यांनी हे ओळखले होते. किल्ल्याच्या मध्यभागी त्यांनी मोठा तलाव राखला. पावसाळ्यात चहूंकडून वाहत येणारे पाणी त्यात साठे आणि त्यावर शिबंदी, घोडे व हत्ती वर्षभर निभावत. ज्याला हा किल्ला समजून घ्यावयाचा आहे, त्याने प्रथम या तलावाच्या काठी जाऊन उभे राहावे आणि पाणी कोठून उतरून येते ते पाहावे. महाल, मशीद, धान्याचे कोठार, दारूगोळ्याची जागा यांचे अवशेष मग आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात. उत्तरेकडील दरवाजा अद्याप भक्कम आहे. इतरत्र तटाचे दगड ढासळले आहेत आणि त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळे शिरली आहेत.

माहूरसाठी राजे इतके का झगडले? वऱ्हाड, मराठवाडा, तेलंगण आणि गोंडांचा रानमुलूख यांच्या सीमा येथे जवळजवळ येतात. ज्याच्या हाती माहूर, त्याची या वाटांवर नजर. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने हा किल्ला जिंकला. पुढे महमूद गावान या वजिराने वऱ्हाडचे दोन भाग केले, तेव्हा एकाचे मुख्य ठाणे गाविलगड व दुसऱ्याचे माहूर ठरले. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथातही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून माहूरची नोंद आहे. 1623 साली शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळून आला. त्याने आपले हत्ती व जड सामान माहूरला उदाराम या सरदाराच्या हवाली केले आणि तो गोवळकोंड्याच्या राज्यात निघून गेला.

याच माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही शूर स्त्री मोगलांच्या फौजेत सरदार होती. 1661 साली कारतलबखानाबरोबर ती कोकणात उतरत असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्या फौजेला कोंडले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, आणि प्यावयास पाणीही नाही. अशा वेळी महाराजांना शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनेच दिला. डोंगरात अडकलेल्या माणसाची पाण्यावाचून काय गत होते, हे माहूरच्या बाईला कोणी शिकवावयास नको होते.

किल्ल्यापेक्षाही जुनी अशी एक जागा गावाजवळ आहे. ती म्हणजे काळ्या खडकात कोरलेली लेणी. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. कोरणाऱ्यांची नावे विसरली गेली, की आपल्याकडे असे काम पांडवांच्या नावावर जमा होते! वास्तविक ही लेणी राष्ट्रकूटांच्या काळातील मानली जातात. आत शिरताच बाहेरचे ऊन विसरावयास होते. जाड खांबांवर छिन्नीच्या खुणा अजून हाताला लागतात, तर कोठे कोठे अलीकडच्या प्रवाशांनी दगडावर ओरबाडलेली स्वतःची नावेही दिसतात. गावाच्या परिसरात सोनापीर दर्गा आहे. तेथेही दूरदूरची माणसे येतात.

मोगल सत्ता ढासळली, राज्यकारभाराची ठाणी दुसरीकडे गेली, आणि किल्ल्यातील वस्ती हळूहळू उठली. देवीच्या डोंगरावरची वर्दळ मात्र थांबली नाही. नवरात्रात तर पायऱ्यांवर पाऊल ठेवावयास जागा नसते. तेथे विड्याची पाने खलात कुटून केलेला तांबूल प्रसाद म्हणून मिळतो. संध्याकाळी दर्शन घेऊन उतरणाऱ्यांच्या ओठांवर त्याची लाली असते आणि समोर, दरीपलीकडे, किल्ल्याचा तट अंधारात बुडू लागलेला असतो.